रिव्ह्यू मागणं म्हणजे भीक मागणं? मला हे मान्य नाही

घड्याळवाला
काल इथे एकाने लिहिलं, "काम चांगलं असेल तर लोक आपणहून लिहितात. गिऱ्हाइकाकडे रिव्ह्यू मागणं म्हणजे भीक मागणं." रात्रभर ते वाक्य डोक्यात घोळत होतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

लोक आपणहून लिहीत नाहीत हो. एकवीस वर्षं घड्याळं दुरुस्त करतोय. मागच्या महिन्यात एक बाई वडिलांचं चावीचं घड्याळ घेऊन आल्या. आतलं तेल सुकून गोंद झालेलं, बॅलन्सचा दांडा मोडलेला. पार्ट कुठेच मिळेना, शेवटी लेथवर स्वतः घडवला. घड्याळ कानाला लावून त्या काउंटरशीच उभ्या राहिल्या, डोळे भरून आले. हात जोडून गेल्या. रिव्ह्यू नाही. त्याच आठवड्यात एकाने एक स्टार दिला, "आलो तर बंद होतं." सुट्टीचा वार दारावर लिहिलाय, गूगलवरही आहे.

चिडलेला माणूस पायरीवर उभा राहून लिहितो. खूश झालेला घरी जाऊन आपल्या कामाला लागतो. मग नवीन माणसाला आमच्याबद्दल काय दिसणार? म्हणून आता बिलाच्या मागे क्यूआर कोड छापलाय, आणि जो खूश दिसतो त्याला सांगतो, "काय दुरुस्त केलं तेवढं दोन ओळीत लिहा." यात भीक कुठे आली?

स्पष्टवक्ता
ते वाक्य माझंच आहे आणि मी त्यावर ठाम आहे. समोर उभं राहून मागितलं की माणूस भिडेखातर लिहितो. त्या लिहिण्याला किंमत काय? येल्प ही अमेरिकेतली रिव्ह्यूंची वेबसाइट, तेसुद्धा व्यावसायिकांना सांगतं की रिव्ह्यू मागू नका.

आकडेमोड
येल्पचं बरोबर. पण त्याच येल्पवर हार्वर्डच्या मायकेल लुका यांनी २०११ मध्ये अभ्यास केला होता, सिएटलमधल्या रेस्टॉरंट्सचा. एक स्टार वाढला की उत्पन्न ५ ते ९ टक्के वाढतं, आणि हा परिणाम चेनवर नाही, स्वतंत्र छोट्या व्यवसायांवर दिसतो. मोठ्या ब्रँडचं नाव लोकांना आधीच माहीत असतं. छोट्याकडे दाखवायला रिव्ह्यूच असतात. घड्याळवाल्यांनी मागू नये तर काय करावं?

काउंटरवरची
मागणाऱ्याच्या जागी मी तीन वर्षं उभी होते, म्हणून बोलते. एका सर्व्हिस सेंटरला होते, नाव घेत नाही. महिन्याला पंधरा रिव्ह्यू, तेही माझं नाव लिहिलेले. कमी पडले की सकाळच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर उभं करायचे. लोकांच्या हातातला फोन घेऊन मी पाच स्टारवर बोट ठेवलंय आणि "सर, एवढं सेव्ह करा ना" म्हटलंय. अजून आठवलं की कसंतरी होतं.

स्पष्टवक्ता
हेच तर मी म्हणतोय! आणि ताई, राग मानू नका, पण फोन हातातून घेणं ही गिऱ्हाइकावर जबरदस्तीच. तुम्ही नाही म्हणू शकला असतात.

काउंटरवरची
नाही म्हणू शकले असते? घरचे हप्ते तुम्ही भरणार होतात का? टार्गेट ठरवणारा आतल्या केबिनमध्ये बसतो आणि बोलणी आम्ही खायची.

रोजचा ग्राहक
ताईंशी सहमत. पण ग्राहकाचंही ऐका. डिलिव्हरी, दुरुस्ती, तपासणी, प्रत्येकजण "माझं नाव लिहा" म्हणतो. मागे एक मुलगा मी टाइप करेपर्यंत दारात उभा राहिला. काम अर्धवट झालं होतं, तरी त्याच्या तोंडाकडे बघून पाच दिले. दुसऱ्या दिवशी मशीन परत बंद पडलं आणि माझाच रिव्ह्यू मला खोटं पाडत होता.

काउंटरवरची
त्या मुलाला तुम्ही दोन दिले असतेत तर त्याचा इन्सेंटिव्ह कापला असता, हेही लक्षात घ्या.

आकडेमोड
टार्गेटचा विषय खरंच गंभीर आहे, पण मूळ मुद्द्यावर एक राहिलंच. घड्याळवाले, तुमचीही एक चूक आहे. गूगल मागायला मनाई करत नाही. मनाई आहे ती मोबदला देऊन लिहून घेण्याला, आणि फक्त खूश लोक निवडून त्यांच्याकडे मागण्याला. "जो खूश दिसतो त्याला" हे त्यातच बसतं. २०१८ पासून हा नियम स्पष्ट आहे.

घड्याळवाला
कोड प्रत्येक बिलावर आहे, नाराज माणसाच्याही. पण तोंडाने मी निवडक लोकांनाच सांगतो, हे खरं. हा नियम मला माहीत नव्हता. पटायला जड जातंय, कारण ज्याचं घड्याळ तीनदा परत आलं त्याला "रिव्ह्यू लिहा" म्हणायला जीभ रेटत नाही. तरी उद्यापासून सगळ्यांना सारखंच सांगेन.

स्पष्टवक्ता
सगळ्यांना सांगणार, समोर उभे राहणार नाही, बदल्यात काही देणार नाही, एवढं पाळणार असाल तर "भीक" हा शब्द मागे घेतो. बाकी मत तेच. मी स्वतः कोणाकडे मागणार नाही.

काउंटरवरची
तुमचं दोघांचं मिटलं, चांगलं झालं. पण घड्याळवाले दादा, उद्या दुकानात मदतीला मुलगा ठेवलात तर त्याला महिन्याचा आकडा देऊ नका. एवढंच मागते.