डायव्हिंगच्या जुळ्या सिलिंडरमधून गॅस सुटू लागल्यास आधी आयसोलेटर बंद करावा की पोस्ट?

लेस्टरकर:
नमस्कार. मी इंग्लंडमध्ये राहतो आणि सध्या लेस्टरशायरमधील स्टोनी कोव्ह या पाण्याने भरलेल्या जुन्या दगडखाणीत टेक्निकल डायव्हिंगचा (नेहमीच्या मर्यादेपलीकडच्या खोल डायव्हिंगचा) पहिला अभ्यासक्रम करत आहे. माझ्याकडे 232 बारचे 12 लीटरचे जुळे सिलिंडर आहेत. दोघांना जोडणाऱ्या नळीवर, म्हणजे मॅनिफोल्डवर, नेहमीचे तीन व्हॉल्व्ह आहेत: दोन टोकांना रेग्युलेटर (श्वास घेण्याचे उपकरण) लावण्याच्या दोन पोस्ट आणि मधोमध दोन्ही सिलिंडर एकमेकांपासून तोडणारा आयसोलेटर. उजव्या पोस्टवर लाँग होज (गरज पडल्यास जोडीदाराला द्यायच्या रेग्युलेटरची लांब नळी) आणि विंगचा, म्हणजे पाठीवरच्या तरंगण्याच्या पिशवीचा, इन्फ्लेटर (हवा भरण्याची नळी) आहे, तर डाव्या पोस्टवर गळ्यातला राखीव रेग्युलेटर, प्रेशर गेज आणि ड्रायसूटचा (आत पाणी न शिरू देणाऱ्या पोशाखाचा) इन्फ्लेटर आहे.

डोक्यामागे बुडबुड्यांचा आवाज आला की क्षणाचाही विचार न करता आयसोलेटर बंद करावा आणि निम्मा गॅस वाचवून मग बाकीचे पाहावे, असे एक प्रशिक्षक सांगतात. दुसऱ्यांच्या मते आधी बाजू ओळखावी, त्या बाजूची पोस्ट बंद करावी आणि बुडबुडे थांबले नाहीत तरच आयसोलेटरला हात लावावा. सहा मीटरच्या कट्ट्यावर मला दोन्ही क्रम जमतात. मात्र ड्रायसूट आणि जाड हातमोज्यांमुळे संपूर्ण कवायतीला एक मिनिटाहून अधिक वेळ लागतो. पुढे समुद्रात 45 मीटरपर्यंत जायचे आहे. तिथे एवढा वेळ परवडेल का, आणि या दोघांपैकी कोणाचे ऐकावे?

खोलपाणी:
आपल्या प्रश्नाचे उत्तर व्हॉल्व्हच्या क्रमात कमी आणि पाण्यात उतरण्यापूर्वी केलेल्या हिशेबात अधिक आहे, म्हणून आधी हिशेब मांडतो.

तळ 45 मीटरवर आहे आणि 21 मीटरवर 50 टक्के नायट्रॉक्सच्या (50 टक्के ऑक्सिजन असलेल्या मिश्रणाच्या) वेगळ्या सिलिंडरवर जायचे आहे, असे धरू. तळाशी गोंधळ निस्तरण्यास एक मिनिट, मिनिटाला नऊ मीटर या गतीने वर येण्यास सुमारे तीन मिनिटे आणि गॅस बदलण्यास एक मिनिट, म्हणजे एकूण पाच मिनिटे लागतात. सरासरी खोली 33 मीटर, म्हणजे दाब 4.3 बार. घाबरलेला माणूस पृष्ठभागावरच्या मापाने मिनिटाला 30 लीटर ओढतो असे मानल्यास एकट्याला 645 लीटर आणि एकाच सिलिंडरसंचावर श्वास घेणाऱ्या दोघांना 1290 लीटर लागतात. जुळ्या 12 लीटरच्या सिलिंडरांत 1290 लीटर म्हणजे सुमारे 54 बार. आपण ते 60 धरू. गेज 60 वर येण्यापूर्वी तळ सोडायचा, हा झाला किमान साठा.

आता उलट बाजूने पाहा. ज्या क्षणी आयसोलेटर बंद होतो, त्या क्षणी गेज 60 च्या वर असेल, तर वाचलेल्या एका सिलिंडरात किमान 720 लीटर राहतात आणि एकट्याची गरज 645 लीटरचीच असते. गॅस निम्मा झाला, पण श्वास घेणारेही दोनाचे एक झाले, म्हणून आकडा जुळतो. जोडीदार जवळ असेल, तर त्याचा संपूर्ण साठा वेगळाच. त्यामुळे 150 बारवर गळती सुरू झाली, तर 90 बार, म्हणजे 2160 लीटर सुटेपर्यंत आपण दोघांच्या साठ्याच्या आत शिरलेले नसता.

हे 2160 लीटर किती वेळ पुरतात, हे गळती कोठे आहे त्यावर अवलंबून असते. हाय-प्रेशर होज (गेजकडे जाणारी नळी) फुटल्यावर बुडबुड्यांचा पडदा भयंकर दिसतो. पण फर्स्ट स्टेजच्या (पोस्टवर बसणाऱ्या, दाब कमी करणाऱ्या रेग्युलेटरच्या पहिल्या भागाच्या) त्या पोर्टमधील छिद्र सुईच्या टोकाएवढे असल्याने प्रत्यक्ष नुकसान संथ असते. लो-प्रेशर होज (रेग्युलेटरच्या तोंडातल्या भागाकडे किंवा इन्फ्लेटरकडे जाणारी नळी) तुटली किंवा सेकंड स्टेज (तोंडातला भाग) अखंड वाहू लागला, तर मिनिटाला हजार लीटरच्या पुढचे नुकसान गृहीत धरावे. तेव्हा अगदी वाईट प्रसंगीही आपल्याकडे सुमारे दोन मिनिटे आहेत. एक मिनिटाची कवायत त्यात बसते. बसत नाही ती चुकीची पोस्ट बंद करून, ती पुन्हा उघडून, मग दुसरीकडे वळण्याची धांदल.

म्हणून मी आपल्या दुसऱ्या प्रशिक्षकांच्या बाजूचा आहे. होज, फर्स्ट स्टेज आणि सेकंड स्टेज यांतील प्रत्येक बिघाड पोस्ट बंद करून थांबतो आणि मग दोन्ही सिलिंडरांतला उरलेला सर्व गॅस दुसऱ्या पोस्टवरून मिळतो. आयसोलेटर आधी बंद केल्यास पोस्ट बंद होईपर्यंत गळणारी बाजू वाहतच राहते. आयसोलेटरची खरी गरज व्हॉल्व्हच्या सिलिंडरकडच्या बाजूच्या बिघाडाला असते: सिलिंडरच्या मानेची ओ-रिंग, मॅनिफोल्डचा सांधा, अमेरिकी पद्धतीच्या व्हॉल्व्हवरील बर्स्ट डिस्क (दाब फार वाढल्यास फुटणारी सुरक्षा चकती). तिथे पोस्ट बंद करून काहीच साधत नाही.

या सगळ्याच्या आधी मात्र जोडीदाराला दिव्याने खूण करावी आणि आहे त्या खोलीवर स्थिर राहावे. बुडबुडे कोणत्या बाजूचे आहेत, हे आपल्या कानांपेक्षा मागून पाहणाऱ्या त्याच्या डोळ्यांना लवकर कळते.

थंडपाणी:
वरील हिशेब मान्य आहे, निष्कर्ष मात्र तितकासा नाही. त्यात जोडीदार हाताच्या अंतरावर आहे आणि बाजू ओळखता येते, ही दोन गृहीतके दडलेली आहेत. उत्तर समुद्रातल्या बुडालेल्या जहाजांवर दृश्यमानता दोन-तीन मीटर असते, डोक्यावर जाड हूड असते आणि आवाज सगळीकडून येतो. अशा ठिकाणी मी आयसोलेटरच आधी बंद करतो, कारण तो कधीही चुकीचा ठरत नाही. फार तर तीस सेकंदांनी पुन्हा उघडावा लागतो. चुकीची पोस्ट बंद केली आणि त्याच पोस्टवरचा रेग्युलेटर तोंडात असला, तर श्वासच थांबतो.

इंग्लंडच्या हिवाळ्यातील गळतीचे सर्वात मोठे कारण फुटलेली होज नसून बर्फ हे आहे, हेही लेस्टरकरांनी ध्यानात घ्यावे. पाणी दहा अंशांच्या खाली गेले की प्रसरणाने थंड झालेला फर्स्ट स्टेज गोठतो, फर्स्ट आणि सेकंड स्टेजमधला दाब चढत जातो आणि सेकंड स्टेज वाहू लागतो. अशा वेळी राखीव रेग्युलेटरवर जाऊन ती पोस्ट बंद ठेवावी. काही मिनिटांत बर्फ वितळतो आणि बहुतेक वेळा रेग्युलेटर पूर्ववत होतो. तरीही डाइव्ह तिथेच संपलेला असतो, याविषयी वाद नसावा.

खोलपाणी:
गोठण्याचा मुद्दा माझ्याकडून राहिला होता; तो महत्त्वाचा आहे. दृश्यमानतेच्या बाबतीत एवढेच म्हणेन की, दोन मीटरच्या पाण्यात जोडीदाराने दीड मीटरवर असावे. ते शक्य नसेल, तर आपला क्रम योग्य आहे. मात्र मग दोघांनी उतरण्यापूर्वी तो एकमेकांना सांगितलेला असावा. मदतीला आलेला माणूस वेगळ्या क्रमाने व्हॉल्व्ह फिरवू लागला, तर दोघांनी मिळून सर्वच बंद करण्याची शक्यता असते.

मिश्रगॅस:
एका बाबीकडे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. सिलिंडर भरताना आयसोलेटर बंद राहिला, तर दोन्ही बाजूंना वेगवेगळा दाब आणि, त्याहून वाईट, वेगवेगळे मिश्रण असू शकते. गेज डाव्या पोस्टवर आणि श्वास उजव्या पोस्टवरून, त्यामुळे गेजचा काटा जागचा हलत नाही आणि डायव्हर आपल्या काटकसरीवर खूश राहतो. पुढे उजवी बाजू अचानक रिकामी होते. बुडबुडा एकही नाही, पण प्रसंग गॅस संपल्याचाच. म्हणून मिश्रणाची तपासणी दोन्ही पोस्टवर करावी, उतरण्यापूर्वी आयसोलेटर पूर्ण उघडा आहे हे हाताने पाहावे आणि पहिल्या दहा मिनिटांत काटा खाली आला नाही, तर संशय घ्यावा.

लेस्टरकर:
सर्वांचे आभार. चित्र बरेच स्पष्ट झाले. आणखी दोन शंका आहेत. पोस्ट बंद केल्यावर त्या बाजूची उपकरणे निकामी होतात, तेव्हा वर येताना काय करावे? आणि ड्रायसूटमध्ये खांदा वळत नाही, त्यावर उपाय काय?

खोलपाणी:
उजवी पोस्ट बंद असेल, तर विंगचा इन्फ्लेटर गेला. तरंगण्याचा समतोल ड्रायसूटने सांभाळावा किंवा विंगमध्ये तोंडाने हवा भरावी. वर येताना हवा सोडायचीच असते, त्यामुळे हे फारसे अडत नाही. डावी पोस्ट बंद असेल, तर गेज खोटा ठरतो, कारण तो होजमध्ये अडकलेला दाबच दाखवत राहतो. तेव्हा बंद करण्यापूर्वीचा आकडा लक्षात ठेवून वेळेच्या हिशेबाने चालावे लागते. आयसोलेटर बंद करूनही एक बाजू गळत राहिली आणि तिथला रेग्युलेटर चालू असला, तर आधी त्याच बाजूचा गॅस वापरावा. तो तसाही जाणारच आहे.

गुहेत किंवा जहाजाच्या आत छताला घासत पुढे जाताना डाव्या पोस्टची खुंटी बंद होण्याच्या दिशेने फिरते आणि उजवीची उघडण्याच्या. दुसऱ्याला देण्याची लाँग होज उजवीकडे ठेवण्यामागे हे एक कारण आहे. बाहेर आल्यावर डावी पोस्ट एकदा चाचपून पाहावी.

थंडपाणी:
खांद्याबाबत: बहुधा दोष खांद्याचा नसून सिलिंडर खाली बसल्याचा असतो. बॅकप्लेटवर (सिलिंडर बसवलेल्या पाठीवरच्या पाटीवर) ते थोडे वर घ्यावेत, क्रॉच स्ट्रॅप (मांड्यांमधून जाणारा पट्टा) किंचित सैल करावा आणि हात मागे नेण्यापूर्वी ड्रायसूटमध्ये थोडी हवा भरावी, म्हणजे दाबाने आवळलेले कापड मोकळे होते. कोपर बाहेर न काढता कानाला लावून वर न्यावा आणि मान मागे टेकवावी. सूटमध्ये आतून कितपत जाड कपडे घातले आहेत, तेही पाहावे. पोहोच कमी पडण्याचे तेच कारण बहुतेकदा निघते.