'डॅमेज' लिहिलं आणि दावा नाकारला: बिघाडाचे इंग्रजी शब्द शिकायचे की टाळायचे?

ओसरी
आईच्या मिक्सरचं प्लॅस्टिकचं भांडं चौथ्याच महिन्यात तडकलं. पडलं नव्हतं, आपटलं नव्हतं. चटणी वाटताना ओट्यावर हिरवं पाणी यायला लागलं म्हणून उचलून पाहिलं, तर तळाशी केसाएवढी बारीक रेघ. कंपनीच्या इंग्रजी फॉर्मवर मी लिहिलं, 'जार डॅमेज्ड'. दावा नाकारला. फोनवरची मुलगी म्हणाली, "मॅडम, डॅमेज वॉरंटीत बसत नाही, डिफेक्ट बसतो."

माझ्या लेखी दोन्ही म्हणजे 'खराब'च होतं. पण डॅमेज म्हणजे धड असलेली वस्तू नंतर बिघडली आणि डिफेक्ट म्हणजे ती घडतानाच उणी राहिली. एका शब्दाने बोट माझ्या आईकडे वळतं, दुसऱ्याने कारखान्याकडे. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यातही वस्तूसाठी 'डिफेक्ट' आणि सेवेसाठी 'डेफिशियन्सी' अशा दोन वेगळ्या व्याख्या आहेत. हे शब्द त्यांच्यातल्या फरकासकट शाळेतच शिकवायला हवेत, असं माझं ठाम मत आहे.

जुनी_पेटी
अजिबात पटलं नाही. दूध नासतं, भात आंबतो, भाजी विटते, खोबरं खवट होतं, शेंग पोचट निघते, शिवण उसवते, धोतर विरतं, पितळेच्या तांब्याला पोचा येतो. काय झालं आणि कसं झालं, हे एका शब्दात कळतं. माठ घेताना बोटाच्या पेरानं टिचकी मारून बघतो ना आपण? खणखणला तर घ्यायचा, बद्द वाजला तर ठेवून द्यायचा. चीर डोळ्यांना दिसतही नसते, तरी तिच्यासाठी शब्द आहे.

दोष कोणाचा, हेही मराठी क्रियापद सांगतं. फुटलं आणि फोडलं, तुटलं आणि तोडलं. 'डॅमेज्ड'मध्ये हा फरक कुठे दिसतो? फॉर्म मराठीत असता तर 'भांडं तडकलं' एवढ्यावर भागलं असतं. मराठी फॉर्म मागा. त्यांचे शब्द पाठ करत बसू नका.

ओसरी
फुटलं-फोडलंचा मुद्दा फार आवडला, पण तो इथे पुरत नाही. हातातून निसटलेल्या कपालाही आपण 'फुटला'च म्हणतो. घडणीतला दोष की वापरातला, हे त्यातून कळत नाही आणि भांडण नेमकं तिथेच आहे.

ताणाबाणा
इचलकरंजीत कापड तपासायला बसतो. आमच्याकडे 'फॉल्ट' हा मराठीच शब्द झालाय. चार पॉइंटची पद्धत असते. तीन इंचांपर्यंतच्या फॉल्टला एक पॉइंट, सहापर्यंत दोन, नऊपर्यंत तीन, त्यापुढे चार. भोक एक इंचापेक्षा मोठं असेल तर सरळ चार. टेबलावर नुसतं 'खराब आहे' म्हटलं तर पुढे काहीच ठरत नाही. पॉइंटांच्या बेरजेवरून तागा फ्रेश (चांगला) की सेकंड (दुय्यम) ते ठरतं आणि त्यावर भाव ठरतो. म्हणून जुनी_पेटी, मला वाटतं आपले शब्द इंग्रजीने खाल्ले नाहीत, 'खराब'ने खाल्ले. आता दूधही खराब, रस्ताही खराब, तब्येतही खराब.

शब्द जागेवर राहतात असंही नाही. 'शॉडी' म्हणजे इंग्रजीत आज भिकार काम. मुळात ते एका कापडाचं नाव. यॉर्कशरमधल्या बॅटलीत १८१३च्या सुमारास लोकरीच्या चिंध्या पिंजून पुन्हा सूत काढायला लागले, ते शॉडी. अमेरिकेच्या यादवी युद्धात सैनिकांचे त्या कापडाचे गणवेश अंगावरच विरले आणि नावाची शिवी झाली. पानिपतला आजही शॉडी सुताच्या चादरी-ब्लँकेटांचा मोठा धंदा आहे. तिथे ती शिवी नाही, पोटापाण्याचा शब्द आहे.

निळी_शाई
वस्तूंपुरतं ठीक आहे. पण हे शब्द वस्तूंवर थांबत नाहीत. इंग्लंडात १९१३ साली मतिमंद माणसांसाठी कायदा झाला. त्यात माणसांनाच 'डिफेक्टिव्ह' म्हटलं होतं आणि तो १९५९पर्यंत टिकला.

माझा भाचा दुभंगलेला ओठ घेऊन जन्मला. कागदावर 'बर्थ डिफेक्ट' लिहून आलं आणि आठवडाभर घरात जो तो दबक्या आवाजात 'डिफेक्ट आहे' म्हणत होता. बहीण बाळाचं तोंड झाकून बसायची. माझ्या आजीने दुपटं बाजूला केलं आणि म्हणाली, "ओठ दुभंगलाय. शिवतील." चौथ्या महिन्यात शिवला. तो इंग्रजी शब्द मी तरी घरात येऊ देणार नाही.

जुनी_पेटी
आजींना माझा नमस्कार सांगा.

ओसरी
निळी_शाई, माणसांच्या बाबतीत पूर्ण मान्य. मिक्सरचा फॉर्म आज पुन्हा भरला. कारणाच्या रकान्यात 'मॅन्युफॅक्चरिंग डिफेक्ट'. खाली शेऱ्याला मोकळी जागा होती, तिथे मराठीत लिहिलं, 'भांडं पडलं नाही. चटणी वाटताना आपोआप तडकलं.' उत्तर आलं की इथेच कळवते.