सहल: या वर्षी यॉर्क नको, गिरण्या बघूया का?

प्रेषक: सहल समिती

नमस्कार मंडळी,
उन्हाळी सहलीचं ठरवायचंय. कोच यंदा परवडत नाहीये, तेव्हा ट्रेनने जाता येईल, इंग्लंडच्या यॉर्कशायरमध्ये पसरलेल्या आपल्या मराठी मंडळातल्या लीड्स-ब्रॅडफर्ड-हडर्सफील्डवाल्या सगळ्यांना सोयीचं पडेल आणि पोरं नि आजी-आजोबा दोघांनाही झेपेल असं काहीतरी सुचवा. "काहीही चालेल" असा रिप्लाय कृपया नको, त्यातून जागा ठरत नाही.
– काकू, समितीतर्फे

प्रेषक: काका, शिप्ली

काकू, दरवर्षी आपण यॉर्कला जाऊन शहराची तीच जुनी तटबंदी चालतो. आपण राहतो तो सगळा पट्टा लोकरीच्या गिरण्यांवर उभा राहिलाय आणि मंडळातल्या निम्म्या लोकांनी सॉल्टेअर, म्हणजे टायटस सॉल्टने गिरणीभोवती वसवलेलं गाव, फक्त ट्रेनच्या खिडकीतून पाहिलंय. मी लालबागचा, वडील तिथल्या गिरणीत साचेखात्यात, त्यामुळे मला गिरणी दिसली की थांबावंच लागतं, पण ते सोडा.

हा सॉल्ट ब्रॅडफर्डचा लोकरीचा व्यापारी, दक्षिण अमेरिकेतल्या अल्पाका नावाच्या जनावराच्या लोकरीवर गब्बर झालेला. ब्रॅडफर्डमध्ये तेव्हा धूर, घाण, आणि १८४९ला कॉलरा, आणि हा त्याच सुमाराला तिथला मेयर. त्याने गावाबाहेर एअर नदीच्या काठी, कॅनॉल आणि रेल्वे दोन्ही हाताशी येतील अशी जागा धरून सगळी गिरणी एका छताखाली आणली, ती सुरू झाली १८५३ला त्याच्या पन्नासाव्या वाढदिवशी. मग भोवती आठशेच्या वर घरं, चर्च, शाळा, हॉस्पिटल, म्हाताऱ्यांसाठी वेगळी घरं. गल्ल्यांना बायकोचं नाव, पोरांची नावं, आणि आर्किटेक्ट लॉकवूड आणि मॉसन यांचीसुद्धा! आणि तारखा बघा, पुढच्याच वर्षी, १८५४ला, ताडदेवला दावरशेटनी मुंबईतल्या पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली, तिची यंत्रं आली ती डोंगरापलीकडून, ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सकडून. इथे लोकर, तिथे कापूस, पण काळ तोच.

सॉल्टची गिरणी १९८६ला बंद पडली, पुढच्या वर्षी जोनाथन सिल्व्हरने विकत घेतली. आता आत ब्रॅडफर्डचाच चित्रकार डेव्हिड हॉकनी याची चित्रं, पुस्तकांचं दुकान, कॅफे, आणि आत जायला तिकीट नाही. २००१पासून सगळं गाव वर्ल्ड हेरिटेज आहे.

प्रेषक: ताई, लीड्स

काका छान लिहिलंत पण खरं सांगू का, आठ वर्षांच्या पोरीला मी "ही बघ गिरणी" म्हणून किती वेळ उभी करणार? विटा-दगड, दगड-विटा. तिला काहीतरी पळायला, चढायला पाहिजे. आणि सासूबाईंना चढ नकोत. दोन्ही एका दिवसात बसवून दाखवा.

प्रेषक: दादा, हॅलिफॅक्स

ताई, पळायला हॅलिफॅक्सचा पीस हॉल. १७७९चा आहे, म्हणजे गिरण्यांच्या आधीचा, लोक घरी मागावर कापड विणायचे तेव्हाचा. ते तागे इथे आणून विकायचे, तीनशेच्या वर खोल्या आणि मध्ये भलामोठा उघडा चौक, बाजार आठवड्यातून फक्त शनिवारी आणि तोही दोनेक तासांचा. पुढे गिरण्या आल्या, घरचे माग गेले, मग इथे भाजीचा होलसेल बाजार भरायला लागला. २०१७ला दुरुस्त करून परत उघडलाय. जमीन उताराची असल्यामुळे इमारत एका बाजूला दोन मजली आणि दुसऱ्या बाजूला तीन मजली, पोरांना मोजायला लावा. स्टेशनपासून चालत. फक्त उन्हाळ्यात कॉन्सर्ट असेल त्या दिवशी चौक तिकीटवाल्यांसाठीच असतो, तेव्हा तारीख आधी बघा.

गावात गिबेटची, म्हणजे मुंडकं उडवायच्या गिलोटिनसारख्या यंत्राची, प्रतिकृतीपण आहे. कापड किंवा काहीही साडेतेरा पेनीचं चोरलं की मुंडकं उडवायचे, शेवटची दोन १६५०ला. मोठ्या पोरांना हे हमखास आवडतं :)

आणि वेनहाउस टॉवर. १८७१ ते ७५मध्ये रंगाऱ्याच्या कारखान्याची चिमणी म्हणून बांधायला घेतला, आत जिना, वर नक्षीदार सज्जा, आणि चिमणी म्हणून एकदाही वापरला नाही. ४०३ पायऱ्या. ठरावीक दिवशीच उघडतात, त्यामुळे लांबूनच बघू. सासूबाईंना चौकात बाकावर बसवा, चहा मी आणून देतो.

प्रेषक: वहिनी, हडर्सफील्ड

एक मुद्दा राहतोय म्हणून लिहिते. सॉल्टचे गोडवे गाऊन झालं असेल तर हेही सांगा की गावात एकही पब काढू दिला नाही त्याने आणि घर मिळायचं ते नोकरीशी बांधलेलं. सुपरवायझरचं घर मोठं, कामगाराचं लहान, रस्त्यावरून चालताना दिसतंच ते. आता ब्रॅडफर्डमध्येच मॅनिंगहॅमला लिस्टर नावाच्या मालकाची गिरणी बघा, रेशीम आणि मखमल. तिची चिमणी २४९ फूट, गावात कुठूनही दिसते. १८९०च्या डिसेंबरात, नाताळच्या तोंडावर, अमेरिकेने जकात वाढवली म्हणून त्याने पगार कापायची नोटीस लावली. हजारो लोक बाहेर, त्यात बहुतेक बायका. १९ आठवडे चालला संप, लष्कर आणलं, आणि एप्रिलमध्ये सगळे कमी पगारावर परत कामाला. हरलेच. पण त्यातूनच १८९३ला ब्रॅडफर्डमध्ये कामगारांचा स्वतंत्र पक्ष उभा राहिला. बाबा मुंबईच्या ८२च्या गिरणी संपात होते, त्यामुळे मला हे वाचताना फिनिक्स गिरणीच्या जागेवरचा मॉल आठवतो, लिस्टरच्या गिरणीचेसुद्धा फ्लॅटच झालेत आता. निदान चिमणी तरी उभी आहे. २०१६ला ब्रॅडफर्डची ड्रमंड मिल जळली, २०२२ला कीथलीची डाल्टन, सगळ्यांचं नशीब सॉल्टच्या गिरणीसारखं नसतं.

प्रेषक: काका, शिप्ली

वहिनी बरोबर. सॉल्ट देवमाणूस नव्हता, हिशेबी होता. पण आमच्या चाळीत एका खोलीत आठ जण राहायचे हो, त्यामुळे अंगण असलेलं घर बघितलं की मी जरा मऊ पडतो.

प्रेषक: सहल समिती

ठरलं मग. सकाळी सॉल्टेअर, स्टेशन गिरणीला लागूनच आहे. व्हिक्टोरिया हॉलसमोरचे दगडी सिंह पोरांनी बघायचे, मग रॉबर्ट्स पार्कमध्ये डबा. तिथून ट्रेनने ब्रॅडफर्डचं फॉर्स्टर स्क्वेअर स्टेशन, आणि हॅलिफॅक्सची गाडी दुसऱ्या स्टेशनवरून, इंटरचेंजवरून सुटते, तेवढं चालायचंय, पण वाटेत वूल एक्सचेंज आहे, लोकरीचा १८६७चा बाजार, आता आत पुस्तकांचं दुकान, तेव्हा कोणीही "पाचच मिनिटं" म्हणून आत शिरायचं नाही, मी तुम्हाला ओळखते. लिस्टरची चिमणी वहिनी वाटेत दाखवतील. दुपारी पीस हॉल. कॉन्सर्ट नसलेला शनिवार दादा बघून कळवतील.

डब्याला पुरी-भाजी कोण करतंय? बटाटेवडे नकोत, ट्रेनमध्ये लोक वास घेऊन मागे वळून बघतात.
– काकू