दोन शिक्षकी शाळा आणि एक मोबाईल: कुणाचं काम खरंच हलकं झालंय का?

जांबोटीकडच्या बाई
नमस्कार. कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात जांबोटीच्या पुढं आमची सरकारी मराठी शाळा. पहिली ते पाचवी, बावीस पोरं, शिक्षक आम्ही दोघं. दुसरे सर इन्चार्ज हेडमास्तर, म्हणजे आठवड्यातले दोन दिवस मीटिंगलाच.

परवा सहज मोजलं. एका दिवसात पाच ग्रुपवर चौसष्ट मेसेज. दूध पितानाचा फोटो, अंडी खातानाचा फोटो, हजेरी, वर सुत्तोले, म्हणजे खात्याची परिपत्रकं. सुत्तोले कन्नडमध्ये. मला कन्नड वाचता येतं, पण बोट ठेवून, आमच्या दुसरीच्या पोरांसारखं. दोन पानांना पाऊण तास. तोवर तिसरी नि चौथीची मारामारी सुरू झालेली असते.

शाळेत रेंज नाही. देवळामागच्या कट्ट्यावर एक काडी येते, पावसात तीही जाते. आणि ट्रेनिंग मोबाईलवर घ्या म्हणायलेत. दीक्षा या सरकारी ॲपवरचा एक कोर्स मी पूर्ण केला, खरं सांगू? व्हिडिओ लावून भाजी चिरत होते. सर्टिफिकेट आलं. शिकले काय ते विचारू नका.

ॲपची यादी नको मला. फोनमुळं कुणाचा वेळ वाचलाय का, आणि कुणाचं शिकवणं सुधारलंय का, तेवढं सांगा.

निपाणीचा मास्तर
बाई, सुत्तोल्याचं सांगतो. पीडीएफमधली अक्षरं कॉपी करून भाषांतराला टाकू नका. बरेच कागद नुडी या कन्नड टायपिंगच्या सॉफ्टवेअरात टाईप केलेले असतात, कॉपी केलं की नुसता चिन्हांचा कचरा. त्यापेक्षा स्क्रीनशॉट काढून तो गूगल ट्रान्सलेटला द्या, ते चित्रावरनं वाचतं. रेंज असेल तिथं बसून दिवसभराचे सगळे एकदम उरका. मराठी तोडकंमोडकं येतं, पण काय मागितलंय ते कळतं.

तारीख मात्र मूळ कन्नडातच बघायची. 'ओळगागि' म्हणजे 'च्या आत', त्याच्या अलीकडची तारीख ती शेवटची. आणि 'कड्डायवागि', म्हणजे 'सक्तीनं', प्रत्येक ओळीत असतंय, त्याला घाबरायचं सोडा.

मळ्यातला
दहा ते बारा फोन बंद. मी हेच करतो. दोनदा बोलणी खाल्ली, आता सवय झाली त्यांनाही.

निवृत्त गुरुजी, येळ्ळूर
मळ्यातल्यांचं ऐकू नका, निदान त्यातली वीस मिनिटं फोन चालू ठेवा. रेकॉर्डर लावायचा, टेबलावर पालथा घालायचा आणि नेहमीसारखं शिकवायचं. नेट लागत नाही. घरी कानाला लावून एकच गोष्ट ऐका: प्रश्न विचारल्यावर तुम्ही किती वेळ गप्प राहता.

मेरी बड रो नावाच्या अमेरिकन बाईंनी वर्गांच्या टेपा ऐकून हेच मोजलं होतं, १९७०च्या दशकात. शिक्षक जेमतेम १ सेकंद थांबायचे. ३ सेकंद थांबायला लागले तशी पोरांची उत्तरं लांबली, एरवी गप्प असणारी बोलू लागली. मी हे रिटायर व्हायच्या तीन वर्षं आधी करून बघितलं. पहिल्या दिवशी माझाच आवाज ऐकवेना. पोरांचे आवाज कुठल्या ग्रुपवर टाकू नका, ऐकून झालं की पुसा.

जांबोटीकडच्या बाई (सोळा दिवसांनी)
उशीर झाला, लाईट नव्हती.

निपाणीच्या सरांची युक्ती अर्धी चालली. टाईप केलेलं बरोबर वाचतं, वाकडा स्कॅन केलेला कागद असला की काहीच्या काही. तरी सुत्तोले आता रात्री आठला घरी बघते, वर्गात नाही. ओळगागि पाठ झालं.

गुरुजी, तुमचं सांगते. तिसरी-चौथीची वजाबाकी, ५२ मधून २७. रेकॉर्डिंगमध्ये मी विचारतेय, "दोनातून सात जातात का?" आणि त्याच दमात, "नाही ना, मग शेजारून एक उसना घ्यायचा." अकरा प्रश्न विचारले, नऊंची उत्तरं मीच दिली. पोरं आहेत कुठं त्यात? कुणीतरी खोकतंय तेवढं.

दुसऱ्या दिवशी प्रश्न विचारून टेबलाखाली बोटं मोजली. तीन सेकंद म्हणजे काय असतं ओ! घाम येतो. दोनदा तोंडातनं निघून गेलंच. तिसऱ्या वेळी गवळीवाड्यावरची एक पोर, वर्षभरात 'हजर' सोडून जिनं शब्द काढला नव्हता, ती म्हणाली, "पाचाकडनं मागायचे. पण बाई, ते पाच नव्हेत, पाच दहा आहेत. त्यातला एक दिला तर चार दहा राहतात."

चौदा वर्षं मी 'शेजारून एक उसना' म्हणत आलेय. एक कसला?

पत्र्यावर पाऊस होता, त्यामुळं तिचं बोलणं नीट ऐकू येत नाही. बाकीची सगळी रेकॉर्डिंगं पुसली, गुरुजी. ते एक ठेवलंय.