जुनी बोट घेतलीये, कोस्ट गार्ड ऑक्झिलरीवाल्यांकडून तपासून घेऊ का? (न्यू जर्सी)

खाडीकाठ: नमस्कार मंडळी, मागच्या महिन्यात १७ फुटी सेकंडहँड मोटरबोट घेतली, बार्नेगट बेमध्ये फिरवायची आहे, बोट चालवायच्या सर्टिफिकेटचा कोर्स करून परीक्षा पण पास झालो. आता मरीनावरचे एक आजोबा म्हणाले की इथल्या कोस्ट गार्ड ऑक्झिलरीच्या (तटरक्षक दलाची मदतनीस संघटना) फ्लोटिलाकडून, म्हणजे स्थानिक शाखेकडून, बोट चेक करून घे, फुकट असतं. पण कोस्ट गार्ड म्हटलं की धडकीच भरते, काही कमी निघालं आणि दंड ठोकला तर? आम्ही अजून ग्रीन कार्डच्या रांगेत, बायको म्हणतेय नसती भानगड नको. जूनमध्ये आईबाबा येतायत, दोघांनाही पोहता येत नाही, मुलगी ५ वर्षांची, खरं सांगायचं तर रात्री झोप लागत नाही. कोणी केलंय का?

दर्यावर्दी_एनजे: अहो बिनधास्त बोलवा, मी स्वतः ऑक्झिलरीत आहे, बोटी तपासायचंच काम करतो. युनिफॉर्म बघून लोक घाबरतात पण आम्ही सगळे स्वयंसेवक, १९३९ पासून चालू आहे हे, पोलिसी अधिकार काहीच नाहीत. दंड नाही, रिपोर्ट कुठे जात नाही, व्हिसाबिसा कोणी विचारत नाही (मेंबर व्हायला मात्र सिटिझन लागतं). सगळं नीट असेल तर त्या वर्षाचा स्टिकर, नसेल तर काय कमी आहे त्याची यादी तुमच्याच हातात देतो, आणून परत बोलवा. जुन्या बोटीत हमखास अडकतं ते अग्निशामक. त्यावर बनवल्याचं साल कोरलेलं असतं ते आजच बघा, एकदाच वापरायचं असेल आणि १२ वर्षांहून जुनं असेल तर दाबाचा काटा भले हिरव्यात असू दे, चालत नाही. दुसरं म्हणजे इंजिन बंद करणारी दोरी. २६ फुटांखालच्या बोटीत ती असेल तर वेगात जाताना चालवणाऱ्याने अंगाला अडकवायची, १ एप्रिल २०२१ पासून कायदाच आहे. चालवणारा पाण्यात पडला आणि बोट तशीच गोल फिरत त्याच्याच अंगावर आली, यासाठी आहे ते.

मीनल_ताई: आईबाबांच्या लाइफ जॅकेटबद्दल सांगते. मोठ्यांचं जॅकेट छातीच्या मापावर घ्यायचं, वजनावर नाही, आणि मुलीचं वजनावर, ३० ते ५० पौंडवालं, पायांमधून पट्टा असलेलं. घालून सगळे पट्टे आवळा आणि खांद्याला धरून वर उचला, हनुवटीच्या वर सरकलं तर मोठं होतंय. न्यू जर्सीत १२ वर्षांपर्यंतच्या मुलांना अशा बोटीत घालावंच लागतं, मोठ्यांना नुसतं बोटीत असलं तरी कायद्याने चालतं, पण ज्यांना पोहता येत नाही त्यांना धक्क्यावरच घालायला लावा. बोट कलल्यावर सीटखालून काढून पट्टे कोण लावणार हो? आणि आईंना सांगा त्या दिवशी साडी नको, पंजाबी ड्रेस बरा. १६ फुटांच्या वर बोट आहे म्हणजे पाण्यात पडलेल्याकडे फेकायची तरंगणारी उशी किंवा रिंग पण लागेल.

तळ्यातमळ्यात: मीनलताईंना अनुमोदन. मी चांगला पोहणारा, लहानपण विहिरीत गेलं, तरी एप्रिलमध्ये तळ्यात कनू (वल्ह्याची छोटी होडी) उलटली तेव्हा श्वासच घेता येईना, बाहेर ऊन इतकं की टीशर्टवर होतो पण पाणी बर्फासारखं. नंतर ऑक्झिलरीच्या वर्गात १-१०-१ शिकवलं, पहिलं १ मिनिट श्वास सांभाळायचा, हातपाय कामाचे राहतात १० मिनिटं, आणि शुद्ध हरपायला साधारण १ तास. त्या दिवशी जॅकेट अंगात होतं म्हणून तो पहिला मिनिट निघाला. जून म्हणताय तर ठीक, पण आत्ता मे महिन्यात ट्रायलला एकटे जाऊ नका, आणि कुठे जाताय, किती वाजता परत येणार हे घरी लिहून ठेवा.

खाडीकाठ: खूप आभार सगळ्यांचे. आत्ताच जाऊन बघितलं, अग्निशामकावर २००९ लिहिलंय, विकणारा म्हणाला होता नवीनच आहे. आज दुसरं आणतो. आईचं छातीचं माप व्हॉट्सॲपवर मागवलंय. शनिवारी सकाळी चेकसाठी वेळ मिळाली, बोट पाण्यात उतरवून ठेवू का ट्रेलरवरच?

दर्यावर्दी_एनजे: ट्रेलरवर चालेल. रजिस्ट्रेशनचा कागद बरोबर ठेवा, आणि मुलीला पण आणा, तिचं जॅकेट अंगावर घालूनच बघू.