८०८५ चं किट आणि कॅल्क्युलेटरचा संबंध काय?

खानापूरकर: आमच्या लॅबमध्ये इंटेलच्या ८०८५ या मायक्रोप्रोसेसरचं सरावाचं किट आहे. सर म्हणाले, मायक्रोप्रोसेसरचं, म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू असलेल्या चिपचं, मूळ कॅल्क्युलेटरमध्ये आहे. ते कसं? जाणकारांनी सांगा की.

उद्यमबागवाला: सरांचं बरोबर आहे बघ. जपानच्या बिझिकॉम कंपनीला उत्तर कागदावर छापणाऱ्या कॅल्क्युलेटरसाठी इंटेलकडून चिपांचा संच हवा होता. इंटेलच्या टेड हॉफनं सुचवलं, प्रत्येक कामाला वेगळी चिप कशाला, प्रोग्रॅमवर चालणारी एकच करू. ती सिलिकॉनवर उतरवली फेडेरिको फॅजिननं, बिझिकॉमच्या मासातोशी शिमाला सोबत घेऊन. या दोघांचं नाव कुणी घेत नाही, हे मला फार खटकतं. तोच १९७१ चा मायक्रोप्रोसेसर, ४००४: चार बिट, सुमारे २३०० ट्रान्झिस्टर.

इंटेलच्याच १९७४ च्या ८०८० या मायक्रोप्रोसेसरला +५, -५ आणि +१२ व्होल्ट असे तीन वीजपुरवठे (सप्लाय) लागायचे. तुझ्या ८०८५ ला नुसते ५ व्होल्ट पुरतात. मी पॅनेल दुरुस्त करतो, सप्लाय कमी म्हणजे बिघाडाची जागा कमी, म्हणून मला ही सुधारणा मोठी वाटते. किटवर ३ई, ०५, सी६, ०३, ७६ हे हेक्स आकड्यांतले हुकूम ओळीनं भरून चालव. ५ आणि ३ ची बेरीज ॲक्युमुलेटरमध्ये, म्हणजे चिपमधल्या उत्तर ठेवायच्या जागेत, येते.

निपाणीकर: दादा, मग घरी कॉम्प्युटर कधी आला?

उद्यमबागवाला: अल्टेअर ८८०० या कॉम्प्युटरपासून धर. जानेवारी १९७५ च्या ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ मासिकाच्या मुखपृष्ठावर होता, आत ८०८०. कीबोर्ड नाही, स्क्रीन नाही. पुढचे स्विच वर-खाली करून प्रोग्रॅम भरायचा आणि उत्तर लाल दिव्यांवर वाचायचं.