आयर्लंडचं ‘एऱ्या’ आणि आपलं ‘आर्य’ : नातं आहे की नाही?

वाटसरू (धागाकर्ता)
आयर्लंडच्या १९३७च्या राज्यघटनेत, चौथ्या कलमात, देशाचं आयरिश नाव आहे : एऱ्या. आता शेजारी ‘आर्य’ ठेवा. इराणचं नाव ‘आर्य’वरून आलं हे सगळे मानतात, मग आयर्लंडचं नाव काढलं की लगेच नाक का मुरडायचं?

काना_मात्रा
इराणचं मान्य. इथे नाही. दुसऱ्या शतकात टॉलेमी या ग्रीक भूगोलकाराने या बेटाचं नाव ‘इउएर्निया’ असं नोंदवलं. आयरिशच्या भाऊबंद वेल्श भाषेत आजही ‘इवेर्दॉन’. दोन्हीकडे मधे ‘उ/व’ आहे. जुन्या आयरिशमधल्या ‘एरिउ’पर्यंत (‘एऱ्या’चं जुनं रूप) येताना तो गळाला. तुम्हाला दिसतंय ते साम्य या झिजेनंतरचं. ‘आर्य’मध्ये ‘व’ कुठून आणणार?

वाटसरू
रोमन तर ‘हिबेर्निया’ म्हणायचे, म्हणजे हिवाळी देश. मग तेच मूळ धरायचं का?

काना_मात्रा
रोमनांनी तुमच्यासारखंच केलं! कानावर पडलेलं नाव ओळखीच्या शब्दाला नेऊन चिकटवलं. (त्यांचा ‘हिबेर्नस’ मात्र आपल्या ‘हिम’चा आणि ‘हिवाळ्या’चा खरा भाऊबंद.)
संस्कृतशी नातं हवंच असेल तर ते आहे, पण ‘पीवर’शी. पीवर म्हणजे पुष्ट. केल्टिक भाषांत (आयरिश, वेल्श वगैरे) शब्दारंभीचा जुना ‘प’ गळतो : आपला ‘पितर’, त्यांचा ‘अहिर’, आपलं ‘पूर्ण’, त्यांचं ‘लान’. तसंच इथे. एरिउ म्हणजे पुष्ट, सुपीक भूमी.

तिरपागडं
पण ते ‘प’वालं मूळ रूप कुठे कोरलेलं सापडलंय का? नाही ना? म्हणजे वाटसरूंचा तो अंदाज आणि तुमचं ते शास्त्र!

काना_मात्रा
कोरलेलं नाही, कबूल. पण माझा अंदाज शेकडो शब्दांना लागू पडणाऱ्या नियमावर उभा आहे, त्यांचा एका उच्चारावर.

तिरपागडं
हं. तसं आयरिश कथांत एरिउ ही देवीच आहे. बान्बा आणि फोद्ला या तिच्या बहिणी. बाहेरून आलेल्यांकडे तिघी मागणं मागतात की देशाला आमचं नाव द्या. भूदेवीचं नाव ‘पुष्ट’ असणं पटतं खरं. चिडचिड होते, पण पटतं.

वाटसरू
मला नाही पटत. जुन्या आयरिशमध्ये ‘अऱ्ये’ म्हणजे प्रतिष्ठित, स्वतंत्र माणूस. तो तरी ‘आर्य’च ना?

काना_मात्रा
त्यावर अभ्यासकांतच मतभेद आहेत, तिथे भांडायला जागा आहे. पण तो शब्द वेगळा, स्वरही ऱ्हस्व. त्याच्यासाठी नवा धागा काढा, येतो मी.